डोमकावळा बघायला अमिरातीत

शारजा

विमानतळावरून घरी जाताना गाडीतच जावयानं विचारलं, "आई, तुम्हाला इथं काय काय बघायचंय?"

मी म्हटलं, "डोमकावळा."

जावयानं एसी वाढवला. मग मागच्या सीटवरून माझी मुलगी मुग्धा म्हणाली, "आई, हे कुणाला सांगू नकोस हं."

चौदा वर्षांच्या माझ्या नातीनं, इरानं, कानातलं इअरफोनचं एक बोंड काढलं आणि विचारलं, "आजी, यू मीन लाइक... अ क्रो?"

आता यात माझं काय चुकलं ते सांगते. मी कराडच्या एका शाळेत एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. वाळवंटातल्या प्राण्यांचा धडा दरवर्षी यायचा. उंटापर्यंत सगळं सुरळीत चालायचं. मग कोणीतरी हमखास उठून विचारायचं, "बाई, वाळवंटात काळा पक्षी राहतो म्हणता, मग तो उन्हात भाजत नाही का?" त्यावर मी म्हणायची, "पुढच्या तासाला सांगते." एकतीस वर्षं हा पुढचा तास आला नाही. निवृत्त झाल्यावर मला वाटलं, निदान त्या पक्ष्याला एकदा समोरासमोर बघावं. आपल्याकडे ज्याला डोमकावळा म्हणतात तो रानातला, दाट झाडीत राहणारा. हा त्याचा वाळवंटातला मोठा भाऊबंद. मान तपकिरी, चोच जाड, आवाज घोगरा.

मुलीनं मात्र माझ्यासाठी संगणकावर रकाने पाडून दोन आठवड्यांचा कार्यक्रम केला होता. सगळ्यात उंच इमारत, मत्स्यालय, बर्फ असलेला मॉल. प्रत्येक रकान्यात किती वाजता काय बघायचं आणि कुठं उभं राहून फोटो काढायचा तेही लिहिलेलं. तो कार्यक्रम जवळजवळ सगळा मी निमूटपणे पार पाडला. मॉलमध्ये पेंग्विन बघितले. वाळवंटात पेंग्विनला गारठ्यात ठेवण्यासाठी जेवढी वीज लागते तेवढ्यात आमचं अख्खं कराड उन्हाळा काढेल, असं मी म्हटल्यावर जावई हसले आणि मुलगी हसली नाही.

जावई, म्हणजे निखिलराव, दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका पॅकिंगच्या कारखान्यात गुणवत्ता तपासतात. वर्षभरापूर्वी त्यांनी एक कॅमेरा घेतला. त्याची लेन्स आमच्या घरच्या पाट्यावरच्या वरवंट्याच्या दुप्पट आहे. ती घेऊन ते रोज संध्याकाळी बाल्कनीत उभे राहतात आणि समोरच्या इमारतीवरची कबुतरं टिपतात. समोरच्या इमारतीनं दोनदा तक्रार केली. त्यामुळे माझ्या तोंडून पक्ष्याचं नाव निघताच घरात एका माणसाचा चेहरा उजळला.

"आई," ते हळूच म्हणाले, "डॉक्टरांना भेटायला लागेल."

रोल्ला

डॉक्टर सबनीस दातांचे डॉक्टर. शारजातल्याच रोल्ला भागाच्या गर्दीत, शिंप्याच्या आणि मोबाइलच्या दुकानांच्या वर, दुसऱ्या मजल्यावर त्यांचा दवाखाना. खाली रस्त्यावर मल्याळम, उर्दू, बंगाली आणि आपली मराठीसुद्धा ऐकू येते. कोपऱ्यावर वडापाव मिळाला. मी मनात दिरहमचे रुपये करू लागले तशी मुग्धा म्हणाली, "आई, इथं रुपयात मोजायचं नाही, घास उतरत नाही." खरंच उतरला नाही.

दवाखान्याच्या भिंतींवर पक्ष्यांचे मोठमोठे फोटो. खुर्चीत तोंड उघडून पडलेल्या पेशंटच्या बरोबर समोर गरुड, चोचीत उंदीर धरलेला. डॉक्टर पन्नाशीचे, मूळ पुण्याचे, पंचवीस वर्षं इकडे. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांचा त्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे आणि ते त्याचे ॲडमिन आहेत. हे त्यांनी मला दातांचं विचारायच्या आधी सांगितलं.

"मॅडम, तुम्हाला नुसता नोंदीपुरता रेकॉर्ड शॉट पाहिजे की पोर्ट्रेट?"

"मला बघायचाय."

"हो, पण बघून करणार काय?"

"बघणार."

डॉक्टरांनी निखिलरावांकडे बघितलं. माझ्या दाढेचं काहीतरी गंभीर निघाल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. मग त्यांनी मला ग्रुपची आचारसंहिता दिली. छापील, प्लास्टिकमध्ये घातलेली, सतरा कलमं. घरट्याच्या जवळ जायचं नाही. पक्ष्याला खाण्याचं आमिष दाखवायचं नाही. भडक रंग घालायचे नाहीत. निसर्गात हस्तक्षेप करायचा नाही. वाचून मला फार बरं वाटलं. इतकी नीट लिहिलेली नियमावली आमच्या शाळेतही नव्हती.

खोर फक्कान

दोन दिवसांनी ग्रुपवर निरोप आला, खोर फक्कानला मोठे काळे पक्षी दिसले. निखिलरावांनी लगेच रजा टाकली. इराला शाळेला सुट्टी होती, आणि आजीबरोबर जायचं म्हणून तिला गाडीत बसवण्यात आलं.

रस्ता डोंगर पोखरून नेलेला आहे. एकामागून एक बोगदे. बोगद्यातून बाहेर पडलं की दोन्ही बाजूंना उघडेबोडके डोंगर. पावसाळा कायमचा रद्द झालेला सह्याद्री कसा दिसेल, तसे. मग अचानक निळा समुद्र, बंदर, कंटेनरच्या रंगीत उतरंडी आणि लांबलचक किनारा. किनाऱ्यावर खजुराची झाडं ओळीनं लावलेली, प्रत्येकाला पाण्याची वेगळी नळी.

आणि खजुरावर कावळे. पन्नासेक तरी असावेत.

निखिलराव वाळूत पालथे पडले. दहा मिनिटांत त्यांनी दोनशे फोटो काढले. मी चष्मा पुसला, परत लावला, आणि मला गलबलून आलं. राखाडी मान, तीच तिरकी नजर, तोच कर्कश सूर. आमच्या परसात रोज सकाळी पोळीच्या तुकड्यासाठी येतो तोच हा.

"निखिलराव," मी म्हटलं, "हा आपला घरकावळा आहे हो."

"नाही आई, बघा ना केवढा मोठाय!"

"लेन्स मोठी आहे."

पण तोपर्यंत त्यांनी फोटो ग्रुपवर पाठवला होता, खाली 'वाळवंटाचा राजा' असं लिहून. दोन मिनिटांत डॉक्टरांचं उत्तर आलं. साधा भारतीय कावळा आहे, जहाजांवर बसून इकडे आला आणि इथल्या किनाऱ्यावर ठाण मांडून बसला, इथली माणसं वैतागली आहेत, कृपया फोटो काढून टाकावा. निखिलराव तोंड पाडून बसले. इतक्यात एक कावळा खाली उतरला, इराच्या हातातल्या शवर्म्याला त्यानं नीट बघितलं आणि तो सबंध उचलून नेला.

"दॅट्स सो रूड!" इरा ओरडली.

"गाववाला आहे," मी म्हटलं. "ओळखलं त्यानं आपल्याला."

परतीच्या बोगद्यात निखिलराव म्हणाले, "आई, शनिवारी डॉक्टर स्वतः आपल्याला वाळवंटात नेतायत." त्यांच्या आवाजात मंत्र्यानं भेटीची वेळ दिल्याचा आदर होता.

वाळवंट

शनिवारी उजाडता उजाडता आम्ही मदाम गावाच्या पुढे डांबरी रस्ता सोडला. चार गाड्या. सगळ्यात पुढे डॉक्टरांची मोठी गाडी, त्यात डॉक्टर, निखिलराव, इरा आणि मी. जानेवारीतली सकाळ इथं चक्क बोचते. मी लोकरीची शाल पांघरली होती. ती तपकिरी आहे म्हणून डॉक्टरांनी मंजूर केली.

डॉक्टर स्वतः मात्र पायापासून टोपीपर्यंत हिरव्या पानांच्या नक्षीच्या कपड्यात होते. जंगलात लपण्यासाठी असतात तसे. त्या तांबूस, नुसत्या वाळूच्या मैलोन्मैल पसाऱ्यात ते एखाद्या चालत्या झुडपासारखे दिसत होते. बघावं तिथं आधी तेच दिसायचे.

मागच्या सीटवर माझ्या पायाशी एक बर्फाचा डबा होता. इरानं तो उघडून बघितला.

"अंकल, व्हाय इज देअर रॉ चिकन?"

डॉक्टर आरशात बघून म्हणाले, "ते, म्हणजे, सपोर्ट मटेरियल आहे बेटा."

"बट रूल नंबर टू, नो फूड..."

"इरा," निखिलराव म्हणाले, "बाहेर बघ, किती छान उजाडतंय."

उजाडत होतं खरंच. वाळूच्या टेकाडांच्या एका अंगाला गुलाबी आणि दुसऱ्या अंगाला निळसर सावली. वाऱ्यानं उमटवलेल्या बारीक रेघांवरून किड्यांच्या पावलांची टाकेदार शिवण गेलेली. मी खिडकीला नाक लावून बसले होते आणि मनात म्हणत होते, एवढ्यावरही परत जायला हरकत नाही.

तेवढ्यात गाडी बसली.

डॉक्टरांनी वेग दिला. गाडी आणखी बसली. त्यांनी आणखी वेग दिला आणि गाडी पोटावर टेकली. खाली उतरून बघितलं तर चारही चाकं अर्धी वाळूत. मागच्या तीन गाड्या थांबल्या. त्यातली मंडळी उतरली, सहानुभूतीनं बघू लागली, आणि मग त्यातला एक बँकवाला गृहस्थ घड्याळ बघून म्हणाला, "सर, लाइट जाईल." म्हणजे फोटोसाठी लागणारा सकाळचा कोवळा प्रकाश. डॉक्टर म्हणाले, "हो हो, तुम्ही पुढे व्हा." त्यांना वाटलं असावं की कोणीतरी नाही म्हणेल. कोणीच नाही म्हणालं नाही. तीन गाड्या टेकाडामागे गेल्या.

अर्धा तास आम्ही हातांनी वाळू उपसली. जेवढी उपसावी तेवढी ती परत आत यायची. फोनला रेंज नव्हती. पाणी होतं, दिवस थंडीचा होता, तरी डॉक्टरांच्या कपाळावर घाम आलेला मी बघितला. इरा हळूच माझ्याजवळ सरकली.

मग टेकाडावर एक जुनी पिकअप दिसली. मागं लसूणघासाच्या गाठी रचलेल्या. चालवणारा पांढऱ्या दाढीचा माणूस खाली उतरला, चाकांकडे बघितलं आणि हिंदीत म्हणाला, "हवा किसीने निकाली नहीं? वाळूत हवा भरलेल्या टायरनी कोण येतो?" हिंदीतून मराठीत तो कधी आला ते त्यालाही कळलं नसावं.

"तुम्ही मराठी?" मी विचारलं.

"रत्नागिरी, खाडीकाठचा," तो म्हणाला. "इक्बाल म्हणतात. ताई, तुम्ही कुठल्या?"

"कराड."

"मग काय! कुंभार्ली घाट उतरलात की आमचाच मुलूख."

इक्बालभाई बावीस वर्षं उंटांच्या फार्मना चारा पोचवतात. त्यांनी टायरांमधली हवा कमी केली, पट्टा बांधला, "यल्ला, चला, सगळे बाजूला" म्हणाले, आणि दोन मिनिटांत गाडी बाहेर. डॉक्टर आभार मानू लागले तसं त्यांनी हात झटकला.

"एवढ्या सकाळचे आलात कशाला? कॅमेरे बघून वाटलं सिनेमावाले."

"डोमकावळा बघायला," मी म्हटलं.

इक्बालभाई माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कावळे आमच्या फार्मवर आहेत की. उंटाच्या पाठीवर बसलेले असतात. पण ताई, एक लटकलाय तिथं. मी आत्ता चारा टाकायला निघालो तेव्हा लांबून दिसला, झाडाला. मला वाटलं मेलेला, पण हलला."

फार्म म्हणजे तारेचं कुंपण, पत्र्याची शेड, पाण्याची टाकी आणि बारा-चौदा उंट. कुंपणाबाहेर एक घाफचं झाड. घाफ म्हणजे दुसरं काही नाही, आपली शमी. दसऱ्याला जिची पूजा करतो ती. जवळ जाऊन पानं बघितल्यावर खात्री पटली आणि परक्या मुलखात ओळखीचं माणूस भेटावं तसं वाटलं. पण ते क्षणभरच. वर दोन पुरुष उंचीवर काटक्यांचं अर्धवट घरटं होतं, आणि घरट्याखाली एक मोठा काळा पक्षी एका पायानं उलटा टांगलेला होता. निळ्या नायलॉनच्या दोरीत पाय अडकलेला. तो मधूनच पंख फडफडवायचा, गरगर फिरायचा, मग दमून लोंबायचा. त्याचा जोडीदार वरच्या फांदीवर येरझारा घालत होता आणि घशातून खोल, फाटका आवाज काढत होता.

एकतीस वर्षं ज्याची वाट बघितली तो हा.

आता पुढचं सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. आम्ही सगळ्यांनी आधी फोटो काढले. निखिलरावांची लेन्स वर गेली. डॉक्टर गुडघ्यावर बसले आणि पुटपुटले, "ओह, काय ड्रामा आहे!" आणि मीही पिशवीतून फोन काढला आणि एक फोटो काढला. नीट यावा म्हणून दुसरा काढला.

"इज एनीवन गोइंग टू हेल्प इट?" इरा म्हणाली.

निखिलरावांची लेन्स वरच होती. ती परत म्हणाली, मोठ्यानं, "बाबा! आजी!"

डॉक्टर उभे राहिले. "बेटा, निसर्गात हस्तक्षेप करायचा नाही. आपली आचारसंहिता..."

"देअर्स चिकन इन युअर कार!"

डॉक्टरांचं तोंड उघडं राहिलं. दातांच्या डॉक्टरचं तोंड असं उघडं राहिलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

इक्बालभाई एव्हाना झाडाखाली गेले होते. मान वर करून ते दोरी निरखत होते. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा पडलेला होता.

"माझी दोरी आहे," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"गाठीची. चाऱ्याच्या गाठी बांधून येतात ना, तीच निळी दोरी. रोज इथं कापतो आणि टाकतो. वारा नेतो. हे घरट्याला उचलतात." त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "बावीस वर्षं टाकतोय. निसर्गबिसर्ग मला कळत नाही डॉक्टरसाहेब, दोरी माझी आहे. मी चढतो."

त्यांच्या गुडघ्यांचा कसा आवाज येत होता तो मी ऐकला होता. मी म्हटलं, "चढू नका, पिकअप खाली लावा. गाठींवर उभं राहता येईल. पण त्याला धरून कापणार कोण?"

मग डॉक्टरांनी गळ्यातला कॅमेरा काढला आणि गाडीच्या बॉनेटवर ठेवला. मागचं दार उघडून त्यांनी एक काळी बॅग काढली. निखिलरावांच्या कारखान्यात आणि आसपासच्या कामगार वसाहतींमध्ये ते महिन्यातून दोनदा दात तपासायला जातात, फुकट. तिथलीच ती बॅग. मला हे त्या दिवशी निखिलरावांकडून कळलं. डॉक्टरांनी सतरा कलमं सांगितली होती, हे कधी सांगितलं नव्हतं.

"टाके कापायची कात्री आहे माझ्याकडे," ते म्हणाले. "डोकं झाकलं की शांत होईल. काहीतरी कापड द्या."

मी शाल दिली.

इक्बालभाईंनी पिकअप झाडाखाली घेतली. गाठींच्या थरावर डॉक्टर आणि निखिलराव चढले. दोघांच्या वजनानं गाठी हलत होत्या. डॉक्टरांच्या हिरव्या टोपीला काटे लागले, ती खाली पडली, त्यांनी बघितलंही नाही. वरचा जोडीदार त्यांच्या डोक्यावरून दोनदा झेपावला. निखिलरावांनी शाल टाकली, चुकली. परत टाकली आणि पक्षी अंगाशी ओढून धरला. शालीतून आलेला तो आवाज मी विसरणार नाही.

"घट्ट नको," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज एकदम बदलला होता, खालचा आणि सावकाश. खुर्चीत घाबरलेल्या माणसाशी ते असेच बोलत असणार. "झालं, झालं बाळा. हलू नकोस. दोन मिनिटं."

दोरी पायावर सात-आठ वेळा गुंडाळली गेली होती आणि मांसात रुतली होती. डॉक्टर एकेक वेढा वेगळा करून कापत होते. मधेच शाल सरकली, जाड काळी चोच बाहेर आली आणि तिनं डॉक्टरांचं बोट पकडलं.

"आई गं!" डॉक्टर ओरडले, पण कात्री सोडली नाही. शेवटचा वेढा कापूनच त्यांनी बोट सोडवलं.

खाली आल्यावर रक्त वाहत होतं. इरानं रुमाल बांधला. डॉक्टर बोटाकडे बघत म्हणाले, "पंचवीस वर्षं लोकांच्या तोंडात बोटं घालतोय. आजपर्यंत एकही चावला नाही." आणि ते हसायला लागले, आधी जरासे, मग जोरात. आम्ही सगळेच.

पक्षी शालीत निखिलरावांच्या मांडीवर होता. तपकिरी झाक असलेली मान मी इतक्या जवळून बघितली की प्रत्येक पीस वेगळं दिसलं. काळा रंग म्हणजे एक रंग नव्हताच. उन्हात तो निळा, जांभळा आणि तेलकट हिरवा होत होता. डॉक्टरांनी पाय तपासला. सुजला होता, सालं निघाली होती.

"तीन बोटं हलतायत. एक नाही," ते म्हणाले. "पाय चालेल का, सांगता येत नाही. रक्त पोचतंय की नाही ते चार-आठ दिवसांत कळेल."

कुंपणाजवळ शाल उघडली. पक्षी तसाच बसून राहिला. चोच उघडी, धापा टाकत. मग एकदम उडाला, वेडावाकडा, आणि शेडच्या पत्र्यावर जाऊन एका पायावर उभा राहिला. दुसरा पाय पोटाशी धरलेला. जोडीदार शेजारी येऊन बसला आणि त्याच्या मानेची पिसं चोचीनं विंचरू लागला.

तेवढ्यात आमच्या चाकांच्या खुणा धरून त्या तीन गाड्या आल्या. त्यांना एवढ्या वेळात एक चंडोल मिळाला होता. आमची कहाणी ऐकून बँकवाले गृहस्थ हळहळले. "सर, मिस केलं आम्ही! कुणीच व्हिडिओ काढला नाही? तो तिथंच बसलाय ना, पुन्हा एकदा शालीत घेता येईल का?"

डॉक्टर म्हणाले, "खलास. घरी जा."

ते ॲडमिन असल्यामुळे सगळे गेले.

इक्बालभाईंनी शेडमध्ये चहा केला. सुलेमानी, बिनदुधाचा, भरपूर साखरेचा, आणि बरोबर फार्मवरच्या सुदानी राखणदारानं वाढलेले खजूर. आमच्याकडे पाहुण्याला नको नको म्हणायला लावून मग वाढतात. इथं नको म्हणायची सोयच नाही, पेला रिकामा झाला की भरतो. थांबायचं असेल तर रिकामा पेला हातात धरून हलवायचा, हे मला चौथ्या पेल्याला कळलं.

चिकनचा डबा डॉक्टरांनी गुपचूप राखणदाराला दिला. दुपारी त्याचं कालवण झालं. आम्हीही जेवलो.

घरी आल्यावर मुग्धानं विचारलं, "दिसला का कावळा?" मी हो म्हटलं. "फोटो दाखव." मी दाखवला नाही. तो अजून माझ्या फोनमध्ये आहे, उलटा लोंबणारा पक्षी. दोन आहेत, दुसरा नीट आलेला. काढून टाकावेत असं वाटतं आणि मी ते ठेवते, कारण कोणी आपल्यासमोर तडफडत असताना मी काय केलं याचा तो पुरावा आहे. एकतीस वर्षं मुलांना जीवसृष्टीविषयी आदर बाळगा म्हणून सांगितलेल्या बाईंचा.

पुन्हा वाळवंट

माझं परतीचं विमान रविवारचं होतं. मुग्धानं शेवटच्या शनिवारी सोन्याच्या बाजाराचा रकाना ठेवला होता. शुक्रवारी जेवताना इरा म्हणाली, "वुई आर गोइंग टू द फार्म." विचारलं नाही, सांगितलं. मुग्धानं माझ्याकडे बघितलं. मी वरण वाढून घेतलं.

शनिवारी डॉक्टर साध्या पांढऱ्या शर्टात आले. या खेपेला टायरांमधली हवा डांबरी रस्ता सोडतानाच काढली. इक्बालभाई फार्मच्या फाटकाशी उभे होते. शेडच्या खांबाला एक मोठं पोतं टांगलेलं होतं, निळ्या दोऱ्यांनी अर्धं भरलेलं.

"सहा फार्म आहेत माझ्याकडे," ते म्हणाले. "सगळीकडे पोती बांधली. गाठ कापली की दोरी पोत्यात. राखणदार हसतात, म्हणतात, चाचा म्हातारा झाला. हसू देत."

"आणि तो?" इरानं विचारलं. इक्बालभाईंनी खांदे उडवले.

"आहे इथंच. पण पाय टेकत नाही. पोटाशीच धरून असतो. काल दिवसभर बघितलं मी."

आम्ही शेडच्या सावलीत बसलो. तासभर काही नाही. उंट रवंथ करत होते. निखिलरावांचा कॅमेरा मांडीवर होता, पण झाकण लावलेलं होतं. डॉक्टर बोटावरची पट्टी चाळवत होते. मधेच म्हणाले, "मी दोरी आणखी वरून कापायला पाहिजे होती का, हा विचार येतोय. आठवडाभर येतोय." इक्बालभाईंनी त्यांच्यापुढे खजूर सरकवले.

मग घोगरा आवाज आला आणि दोघं एकामागून एक उतरले. एक कुंपणाच्या खांबावर. दुसरा एका बसलेल्या उंटिणीच्या पाठीवर, एका पायावर, दुसरा पोटाशी. तो थोडा वेळ तोल सावरत राहिला. मग वाकून तिच्या वशिंडावरची लोकर चोचीनं उपटू लागला, घरट्यात घालायला. एक झुबका, दुसरा झुबका, चोच भरून गेली. उंटीण आधी दुर्लक्ष करत होती. मग तिला कंटाळा आला असावा. ती मागचे पाय उचलून एकदम उभी राहिली, पाठ उतरती झाली, आणि तो घसरून खाली वाळूत पडला.

इरानं माझा हात धरला.

तो उठला. लोकर चोचीतून सोडली नव्हती. क्षणभर तो एका पायावर उभा राहिला, मग पोटाशी धरलेला पाय त्यानं हळूच खाली केला. वाळूला लावला. उचलला. परत लावला. आणि मग चालू लागला. डुलत, एका बाजूला कलत, पण दोन्ही पायांनी, उंटांच्या मधून, कुंपणाच्या तारेखालून, बाहेर घाफच्या झाडाकडे.

"चालतोय," इक्बालभाई म्हणाले.

डॉक्टर उठून शेडच्या मागं गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

तो झाडापाशी पोचला, तिथून उडाला आणि लोकर घेऊन वर घरट्यात गेला. मग आम्ही सगळे कुंपणाशी गेलो. इरा गुडघ्यांवर बसली. मऊ वाळूत पावलांची ओळ उमटली होती, एक पाऊल खोल, एक उथळ. तिनं बोट न लावता एकेक ठसा मोजला आणि मला खाली बसवून दाखवलं. उथळ पावलात पुढची दोन आणि मागचं एक अशी तीन बोटं होती, आणि चौथ्याच्या जागी वाळू गुळगुळीत होती.